गोणपाटातलं कलम

२०१९ साल. माझं वय सत्तावन्न. निवृत्ती दिसायला लागली होती आणि पोलीस ठाण्यातली नवी पोरं मला काका म्हणू लागली होती. नोकरीतलं पुष्कळ आता डोक्यातून गेलं. मोठमोठे पंचनामे गेले. ज्यांच्या मागे रानोमाळ हिंडलो ते आरोपी आज समोर आले तरी ओळखू येत नाहीत. पण गोणपाटात गुंडाळलेली एक कुंडी आहे, ती काही जात नाही.

मी सातवी शिकलेला माणूस. शिपाई म्हणून भरती झालो आणि सहायक फौजदार म्हणून बाहेर पडलो. मधली प्रत्येक पायरी स्वतःच्या पायाने चढलो. कुणाचा फुकट चहा घेतला नाही, कुणापुढे शब्द टाकला नाही, बदलीसाठीसुद्धा नाही. हे सांगतो कारण पुढे त्याचा संबंध येतो. कुणाला मोठेपणा वाटला तर वाटू दे.

या लिखाणात मी कुणाचं नाव घेणार नाही. ज्याची ही हकीकत आहे त्याला आपण कलमवाला म्हणू.

तेव्हा मी तलासरी भागातल्या एका ठाण्यात होतो. हायवे आमच्याच हद्दीतून जातो. अच्छाडच्या नाक्यावर ट्रकांची रांग असते, रांगेच्या आधाराने ढाबे, ढाब्यांच्या आधाराने टपऱ्या आणि टपऱ्यांच्या आधाराने नको ते धंदे. गांजाच्या पुड्या हा त्यातलाच एक. ट्रकवाला रात्रभर जागतो, त्याला काहीतरी लागतं, आणि ते पुरवणारा कुणीतरी गरीबच असतो. मोठा माणूस मला तिथे कधी सापडला नाही.

कलमवाला पूर्वेकडच्या डोंगरातल्या एका पाड्यावरचा. थोडं भात, थोडी नागली. बाकीचे दिवस घोलवडला एका नर्सरीत चिकूची कलमं बांधायला जायचा. एका उन्हाळ्यात नर्सरीचं काम मंदावलं म्हणून नाक्यावरच्या ढाब्यावर भांडी घासायला लागला आणि तिथे ट्रकवाल्यांच्या संगतीने चिलमीला लागला. ढाब्याच्या मागे ओढताना शेजारच्या ठाण्याने त्याला धरलं. डहाणूच्या कोर्टात केस झाली, जामिनावर सुटला. पुढे काही महिन्यांनी आम्ही धरलं, तेव्हा त्याच्याजवळ विकायच्या पुड्या होत्या. त्या पंचनाम्याला मी स्वतः हजर होतो. केस खोटी नव्हती, कुणी अडकवलं नव्हतं. त्याला शिक्षा झाली, ती त्याने भोगली आणि पाड्यावर परत आला. आमच्या दृष्टीने फाईल बंद.

मग एक दिवस स्टँडजवळचा पानटपरीवाला मला म्हणाला, "साहेब, तुमचा पाहुणा परत सुरू झाला हां."

"कोण पाहुणा?"

"तो जेलवाला. बाजाराच्या दिवशी गोणपाटात काहीतरी उभं बांधून नेतो. वरून पाला दिसतो. जीपमध्ये मांडीवर धरून बसतो, तान्ह्या पोराला घेतल्यासारखा."

"कुठे नेतो?"

"डहाणूच्या जीपमध्ये बसतो, एवढं बघितलं. संध्याकाळी परत येतो."

"रिकामा?"

"नाय ना! तसंच परत आणतो. गिऱ्हाईक भेटत नसेल."

टपरीवाला स्वतःच्या विनोदावर हसला. मी हसलो नाही. गांजाला गिऱ्हाईक भेटत नाही असं माझ्या सगळ्या नोकरीत एकदाही झालेलं नव्हतं. पण खबर ती खबर. ठाण्यात येऊन लिहून घेतली, प्रभारी साहेबांना कळवलं आणि पुढच्या बाजाराच्या दिवशी दोन पंच घेऊन जीपच्या स्टँडवर गेलो.

तो बाकड्यावर बसला होता, कुंडी पायाशी. मी "चल" म्हटलं. पळाला नाही, कशाला म्हणून विचारलंही नाही. आधी कुंडी उचलली, मग स्वतः उठला.

ठाण्यात टेबलावर पेपर पसरला आणि पंचांसमोर गोणपाट सोडलं. आत मातीची कुंडी, कुंडीत हातभर उंचीचं रोप, बुंध्याशी सुतळीच्या गुंडाळीची खूण. आमच्या एका तरुण शिपायाने पान चुरगाळून वास घेतला आणि म्हणाला, "काका, हे तर चिकूचं आहे!"

पंचांपैकी एकाची घोलवडला वाडी होती. तो खाली वाकून बघत म्हणाला, "चिकूचंच. रायणीच्या खुंटावर बांधलंय, खाली मुळं रायणीची, वर फांदी चिकूची. जोड काय बसलाय बघा, बोटाला लागत नाही."

प्रभारी साहेब केबिनमधून बाहेर आले. "काय काका, आता गांजाला चिकू लागायला लागले काय?"

सगळं ठाणं हसलं. पंच सह्या करून गेले. कायद्याने तिथेच विषय संपला होता. पण माझा स्वभाव असा, की एखादी गोष्ट जुळली नाही तर मला जेवण जात नाही. हा माणूस दर बाजाराला एकच झाड नेतो आणि परत आणतो. का?

मी त्याला समोर बसवलं. चहा मागवला. त्याने कपाला हात लावला नाही.

"हे कुणाचं?"

गप्प.

"नर्सरीतून उचललंस?"

तेव्हा त्याने पहिल्यांदा वर बघितलं. "माझ्या हातचा हाय, सायेब. दारात चिकूचं झाड हाय माझ्या. त्याची फांदी रायनीवर बांधली."

"मग बाजारात विकत का नाहीस?"

"इकायचा नाय."

"कुणाला द्यायचंय?"

गप्प.

"डहाणूला जाऊन दिवसभर काय करतोस?"

तो कुंडीतल्या मातीला बोट लावून ओल बघत बसला.

माझ्या अनुभवाने सांगतो. ज्याने गुन्हा केलेला असतो तो सहसा गप्प बसत नाही. तो बोलतो, शपथा घालतो, देवाला मध्ये घेतो, शेजाऱ्याकडे बोट दाखवतो. ज्याला लाज वाटत असते तो गप्प बसतो. अशा माणसाला ओरडून उपयोग नसतो, त्याने तो आणखी आत जातो. म्हणून मी त्याला तसंच बसू दिलं आणि डायरीचं काम करू लागलो.

दुपारी त्याची बायको आली. कुणीतरी पाड्यावर सांगितलं असणार. डोंगर उतरून चालत आली होती, पदराने घाम पुसत सरळ माझ्या टेबलाशी उभी राहिली.

"आता काय केला त्यानी?"

"काही नाही केलं."

"मंग बसवला कशाला?"

मी स्टूल पुढे सरकवलं. मी म्हटलं, "बस. पाणी पी."

"पानी नको. पयल्यांदा धरला तवा गुन्हा होता, मी एक शबद बोलले नाय. इचारा त्याला. आता गुन्हा नाय तं सोडा."

"सोडतो. पण तो डहाणूला कशाला जातो ते सांग. नाहीतर लोक परत खबर देतील आणि मला परत धरावं लागेल."

तिने नवऱ्याकडे बघितलं. त्याने मान खाली घातली. तिने त्याच्या वतीने ठरवून टाकलं.

"वकिलाकडं जातो."

"कुठल्या वकिलाकडे?"

"फुकटच्या. पाड्यावर वकीलबाई आलती, आंब्याखाली मीटिंग लावली. बोलली, गरिबाला कोर्टात वकील फुकट भेटतो, मना येऊन भेटा. तवापासून हा जातो."

"मग भेटली का बाई?"

"कशी भेटंल? कोर्टाच्या फाटकातनं आत जाईल तं भेटंल ना! फाटकावर पोलीस बसतो. हा समोर झाडाखाली बसतो, बघत ऱ्हातो, सांच्याला घरी येतो. मी बोलते, मी येते संगती, तं नको बोलतो."

आता तो स्वतः बोलला, अगदी हळू. "वारंट हाय माझ्यावर."

मी पेन खाली ठेवलं. ढाब्यामागे ओढताना धरल्याची जी पहिली केस होती, तिचं वॉरंट. शेजारच्या ठाण्याला फोन लावून खात्री केली. खरं होतं. तो दुसऱ्या केसमध्ये जेलात असताना पहिल्या केसच्या तारखा पडत गेल्या. हा हजर नाही म्हणून कोर्टाने अजामीनपात्र वॉरंट काढलं. तो आत आहे हे त्या कोर्टाला कुणी कळवलंच नव्हतं. त्याने आपल्या मनाशी असं धरलं होतं, की जेलात नेलं म्हणजे सगळ्याच केसचं झालं. एकदा शिक्षा भोगली की सरकारशी हिशेब पुरा, हीच पाड्यावरची समजूत. बाहेर आल्यावर कळलं की अजून एक शिल्लक आहे. मदत जिथे होती त्या दारातच त्याला धरणारा माणूस बसलेला. आत गेला तर धरतील आणि न गेला तर आज ना उद्या धरतीलच. मग परत जेल, परत बायको एकटी.

"आणि हे झाड कशाला?" मी विचारलं.

बायकोने माझ्याकडे असं बघितलं, जणू मला साधी रीत ठाऊक नाही. "कुनाच्या दारी काम घेऊन जायचा, तं रिकाम्या हातानी जायचा काय? भगताकडं जाताना कोंबडा नेत्यात. बाईला कोंबडा चालतो का नाय, म्हनून ह्यो."

म्हणजे दर बाजाराला तो वकीलबाईंसाठी ते कलम न्यायचा आणि दर बाजाराला फाटकासमोरून परत आणून दारात ठेवायचा, पाणी घालायचा. किती बाजार झाले ते दोघांनाही सांगता येईना. पण कलमाचा शेंडा गोणपाटाच्या बाहेर आला होता. टपरीवाल्याला पाला दिसला तो त्यामुळे.

मी साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. सगळं सांगितलं. साहेब वयाने माझ्यापेक्षा लहान, पण माणूस सरळ.

"सोपं आहे काका. त्या ठाण्याला कळवा, येऊन ताब्यात घेतील."

"घेतील साहेब. पण धरून नेलेला वेगळा आणि आपणहून आलेला वेगळा. हा आपणहून निघालेला आहे. फक्त फाटक ओलांडता येत नाही त्याला."

"तुम्ही वकील कधी झालात?"

"सातवीत वकिली शिकवत नाहीत साहेब. उद्या मी स्वतः त्याला कोर्टात हजर करतो. त्या ठाण्याला तसं कळवून ठेवतो."

साहेबांनी पेनला टोपण लावलं. "उद्या तो कोर्टात दिसला नाही, तर त्याच्या जागी तुम्हाला उभं करीन."

"करा," म्हटलं. मी शब्द दिला की दिला.

बाहेर येऊन कलमवाल्याला सांगितलं, उद्या सकाळची पहिली जीप. तो कुंडीला परत गोणपाट बांधू लागला. त्याची बायको म्हणाली, "नाय आला तं मी त्याला घेऊन येते, सायेब. कानाला धरून."

रात्री मी ठाण्यातच झोपलो, तरी सकाळी दोघं माझ्या आधी स्टँडवर हजर. तो धुतलेल्या शर्टात, मांडीवर कुंडी. जीप भरली, माणसं मागे लोंबकळत होती, पण त्याच्या एका बाजूची जागा तशीच राहिली. दुसऱ्या बाजूला बायको होती. एक ओळखीचा म्हातारा उभा होता, त्याला मी म्हटलं, "बसा की." तो म्हणाला, "नको, उभा बरा हाय." शेवटी मी पुढची सीट सोडली आणि मागे त्याच्या शेजारी जाऊन बसलो. वर्दीत होतो. आता तर लोकांना वाटलं असणार, परत धरला. वाटो.

कोर्टाच्या फाटकाशी त्याचे पाय थांबले. फाटकावरचा हवालदार माझ्या ओळखीचा. स्टुलावरून अर्धवट उठत म्हणाला, "काय काका, कुणाला आणलंत?"

मी म्हटलं, "कुणाला आणलं नाही. हा आलाय. मी सोबत आहे."

हवालदाराला त्यात काय फरक ते कळलं नसेल. पण कलमवाल्याला कळलं असावं. त्याने कुंडी छातीशी धरली आणि फाटक ओलांडलं.

फुकट वकील देणाऱ्या समितीची खोली जिन्याच्या खाली. वकीलबाई तरुण होत्या. वर्दी बघून म्हणाल्या, "रिमांड आहे का?"

"नाही बाई. तुम्हाला भेटायला आलाय."

खरं सांगतो, वकील या जातीशी माझं कधी पटलं नाही. माझ्या आयुष्यात वकील म्हणजे उलटतपासणी. साक्षीच्या पिंजऱ्यात उभं करून माझी सातवी काढणारे वकील मी पाहिलेत. त्यामुळे मी दाराशीच उभा राहिलो. पण बाईंनी पाड्याचं नाव ऐकलं आणि उठून त्याच्या बायकोला खुर्ची दिली. म्हणाल्या, "तुमच्या पाड्यावरून कुणीतरी येईल म्हणून मी वाट बघत होते. कुणीच आलं नाही."

"आलता ना," बायको म्हणाली. "तो झाडाखाली होता. तुमी इथं होता."

त्याने कुंडी बाईंच्या टेबलावर ठेवली. बाईंना आधी कळेना. कळल्यावर त्या म्हणाल्या, "दादा, हे मला घेता येत नाही. फुकट म्हणजे खरंच फुकट."

"चिकू लागल्यावर पन नाय?" बायकोने विचारलं.

"तेव्हाही नाही, ताई."

त्याचं तोंड उतरलं. आपलं कलम कमी पडलं असं त्याला वाटलं असणार. बाईंच्या ते लक्षात आलं. त्यांनी कुंडी उचलून खिडकीत उन्हाला ठेवली आणि म्हणाल्या, "आपलं काम होईपर्यंत ते इथे बसू दे." मग सगळं नीट विचारून घेतलं. कधी धरलं, कधी सुटला, सुटल्याचा कागद कुठे आहे. बायकोने तो प्लास्टिकच्या पिशवीतून काढून दिला.

"अजून ओढता का?"

तो बायकोकडे बघू लागला.

"माझ्याकडं काय बघतो? बाईला सांग."

"आतमधी सुटला, बाई. भायेर आल्यावर एकदा ओढला. लय खोकला आला."

"परत इच्छा झाली तर दवाखान्यात जायचं. मी चिठ्ठी देते. लपवायचं नाही."

बाईंनी वॉरंट रद्द करण्याचा अर्ज लिहिला. दुपारी पुकारा झाला. मॅजिस्ट्रेट साहेबांनी अर्ज वाचला आणि चष्म्यावरून मला बघितलं. "पोलिसांचं काय म्हणणं? हा इतके दिवस होता कुठे?"

मी म्हटलं, "साहेब, सरकारच्याच जेलात होता. आम्ही एका हाताने आत ठेवला आणि दुसऱ्या हाताने शोधत होतो."

कोर्टात कुणीतरी हसलं. साहेब हसले नाहीत, पण पेन उचललं. आपणहून हजर झाला, गैरहजेरीचं कारण खरं दिसतं, म्हणून वॉरंट रद्द. जातमुचलका द्यायचा आणि पुढच्या तारखेला यायचं. बाईंनी त्याला तीन वेळा समजावलं, तारीख म्हणजे काय आणि नाही आला तर काय होतं. त्याच्या बायकोने एकदाच ऐकलं आणि पाठ म्हणून दाखवलं.

बाहेर पायऱ्यांवर तो बसला, खिडकीतून परत आणलेली कुंडी पायाशी. आनंद दिसला नाही. म्हणाला, "आता काय करू?"

बाई म्हणाल्या, "केसचं मी बघते. पहिल्या केसमध्ये फक्त ओढण्याचा आरोप आहे, त्यात चांगल्या वर्तनाच्या बॉण्डवर सोडा अशी विनंती करता येते. पण तुम्ही कामाला लागला असाल तर कोर्टाला ते बरं दिसेल."

"काम कोन देतो? शेठकडं गेलतो सुटल्यावर. तो बोलला, तुझ्या मागं पोलीस येतील, नको. पाड्यावर लावणीला पन कोनी हाक मारत नाय."

बाई त्याच्या शेजारी पायरीवर बसल्या. "शेठवर काही माझा कायदा चालत नाही." मग माझ्याकडे वळल्या. "साहेब, तुमची घोलवडला ओळख आहे का?"

"आहे," मी म्हटलं. त्या नर्सरीच्या शेठला मी चांगला ओळखत होतो. त्यांचे ट्रक आमच्याच नाक्यावरून जायचे. कितीदा त्यांनी चिकूची पेटी पुढे केली होती आणि कितीदा मी ती परत पाठवली होती. "ओळख आहे," मी पुन्हा म्हटलं आणि घड्याळ बघितलं.

डहाणू स्टँडवर आम्ही वेगळे झालो. त्यांची जीप तलासरीची, मला सरावलीला घरी जायचं होतं. जीपमध्ये चढता चढता त्याने कुंडी माझ्यापुढे धरली.

"मी कुणाकडून काही घेत नाही," मी म्हटलं.

"घेऊ नका. बाईनी नाय घेतला, आता परत घरी न्यायला मना लाज वाटते. तुमी घेऊ नका, सायेब. नुसता पानी घाला."

जीप सुटली आणि मी वर्दीत, भर स्टँडवर, चिकूची कुंडी धरून उभा.

पुढचं आधीच सांगून टाकतो. बाईंनी ती केस शेवटपर्यंत चालवली आणि कोर्टाने त्याला बॉण्डवर सोडलं. काम लगेच सुरळीत झालं नाही. पहिल्या पावसाळ्यात शेठने त्याला फक्त पिशव्या भरायला ठेवला, कलमाच्या सुरीला हात लावू दिला नाही. पाड्यानेही वेळ घेतला. मग एका वर्षी शेजाऱ्याने दारात लावायला कलम मागितलं आणि लावणीला हाक मारली, तेव्हा त्याची बायको मला मुद्दाम फोन करून सांगत होती. आजही तो कलमं बांधतो. परत ओढतो का, हे मी विचारत नाही. बाईंची चिठ्ठी त्याच्याकडे आहे आणि बायको आहे.

या केसने मला एक गोष्ट दाखवली. आम्ही पोलीस माणसाला धरायचं शिकतो. सुटलेला माणूस पुढे कुठे जातो, हे आम्हाला कुणी शिकवत नाही आणि आम्ही विचारत नाही. कोर्टाची शिक्षा ठरल्या दिवशी संपते. त्यानंतरची शिक्षा जीपमधली माणसं देतात, शेजारची जागा रिकामी ठेवून. तिला तारीख नसते आणि अपील नसतं. कायद्यात मदत आहे, चांगली आहे, फुकट आहे. पण ती भिंतीच्या आत बसलेली असते. बाहेरच्या माणसाला आत न्यायला कुणीतरी सोबत लागतं. तेवढंच लागतं.

हे आज लिहिणं सोपं आहे. त्या संध्याकाळी मला ते इतकं उमगलेलं नव्हतं. घरी आलो, कुंडी पडवीत ठेवली, तांब्याभर पाणी घातलं. बायकोने विचारलं, हे काय नवीन? मी जेवता जेवता सगळं सांगितलं. मॅजिस्ट्रेटसमोर काय बोललो ते दोनदा सांगितलं.

तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आणि शेठला कधी विचारताय?"

"मी? मी कुणाकडे काही मागत नाही. तुला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे. सगळ्या डहाणूला ठाऊक आहे."

"एकदा शब्द टाकला की माणूस मिंधा होतो. उद्या त्याचा ट्रक अडवायची वेळ आली तर?"

"तर अडवा. तुम्हाला कोण अडवतंय?" तिने माझ्या ताटात भात वाढला. "तो बिचारा फाटकापर्यंत तरी जात होता हो. तुमचं पाऊल तर पडवीतूनच निघेना."

मी जेवणावरून उठलो. आमच्या संसारात मी असा उठलो की ती समजते, बाण बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी रजा कळवली. वर्दी घातली नाही, पांढरा शर्ट घातला. कुंडीवरचं गोणपाट सोडून घडी करून ठेवलं, पानं ओल्या फडक्याने पुसली. बायको दारात उभी राहून बघत होती. रिक्षाने घोलवडला गेलो, कुंडी मांडीवर.

नर्सरीच्या फाटकाशी उतरलो. आत बाया पिशव्या भरत होत्या, शेठ रोपं मांडायच्या माचाजवळ उभे राहून कुणाला तरी काही सांगत होते. राखणदाराने मला ओळखलं आणि सलाम ठोकला. "साहेब, आज साध्या ड्रेसवर? कुणाला धरायला आलात?"

फाटक उघडंच होतं. तरी माझे पाय हलेनात. गल्लीगल्लीतून चोर ओढून आणलेला मी, एका उघड्या फाटकाशी कुंडी धरून उभा होतो आणि परत फिरायला रिक्षा अजून गेली नव्हती. ती मला पाठीमागे ऐकू येत होती.

मग ती गेली. मी आत गेलो. शेठ हसत पुढे आले, खुर्ची मागवली. मी बसलो नाही. कलम त्यांच्या पुढ्यात ठेवलं आणि म्हटलं, "शेठ, हा जोड बघा. आणि मग मी काय मागायला आलोय ते ऐका."